सदतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

कल्याण तौर सरांनी ख्वाजामियाँला शब्द दिला तो दोन दिवसांचा. "दोन दिवसांत सरळ करून आणतो, तुम्ही काळजीच करू नका," असं ते वाटूर फाट्यावर, चार माणसांसमोर, मोटारसायकल चालूच ठेवून म्हणाले. गाडी बंद करून बोलले असते तर कदाचित मधल्या शांततेत थोडा विचार झाला असता. पण सर मराठीचे शिक्षक, बावीस वर्षांची नोकरी, आणि समोर भाषेची ढळढळीत चूक. अशा वेळी गाडी काय, मास्तरसुद्धा बंद होत नाही.

चूक अशी होती. गोदाकाठ बालप्रज्ञा परीक्षा मंडळ नावाची एक संस्था जालन्यात होती. ती सातवीच्या पोरांची परीक्षा घ्यायची. दीडशेपैकी एकशे चाळीस गुण ज्याला पडतील त्याला बारावीपर्यंत निवासी शाळेत जागा. राहणं, खाणं, वह्यापुस्तकं सगळं तिकडं. वाटूरच्या शाळेतून आजवर तिथं कुणी गेलं नव्हतं. यंदा ख्वाजामियाँची अंबरीन परीक्षेला बसली. ख्वाजामियाँ फाट्यावर जळालेल्या पाणबुडी मोटारी पुन्हा बांधून द्यायचा. घरात बोलणं उर्दूतलं, पण पोरीचं मराठी असं की तौर सर तिची वही वरच्या वर्गांना दाखवायला न्यायचे, आणि ती वही बघून वरच्या वर्गातली पोरं सरांकडं रागानं बघायची. अंबरीनला पडले एकशे एकोणचाळीस.

सदतिसावा प्रश्न असा: 'उत्तरदायित्व' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द निवडा. पर्याय चार: आज्ञाधारकपणा, बेजबाबदारपणा, परोपकार, निरुत्तर. अंबरीननं बेजबाबदारपणाचं गोल काळं केलं. मंडळाच्या उत्तरसूचीत उत्तर होतं ड, म्हणजे निरुत्तर.

सर आधी हसले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवून हसले. "उत्तरच्या उलट निरुत्तर! म्हणजे उद्या 'दायित्व'च्या उलट काय, 'बायित्व'?" त्यांच्या विनोदावर गणिताचे सर हसले नाहीत, पण ते कशावरच हसत नसत. मग सरांनी घोषणा केली, की ज्या कुणा गाढवानं ही उत्तरसूची तपासली त्याला आपण शोधून काढणार आणि त्याच्याकडून लेखी माफी घेणार. 'गाढव' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

मुख्याध्यापकांनी सरांनी मंडळाला लिहिलेला अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तौर, ह्याच्यावर मी सही केली तर हा अर्ज शाळेचा होतो."

"मंग शाळेचाच आहे ना सर. पोरगी शाळेची हाय."

"पोरगी शाळेची, पण प्रश्न मंडळाचा. तुम्ही तुमच्या सहीनं द्या. मी वर लिहितो, 'केवळ माहितीस्तव सादर.'"

"कुणाच्या माहितीस्तव?"

"ते आपण मोघम ठेवू," मुख्याध्यापक म्हणाले.

शाळा वाटूरला असली तरी सर राहायचे मंठ्याला. तिथं त्यांच्या घराशेजारी सोमेश्वरचं झेरॉक्सचं दुकान. तालुक्यातला प्रत्येक अर्ज त्याच्या यंत्राच्या काचेवरून जात असल्यामुळं कोणता अर्ज मरतो आणि कोणता जगतो हे आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं. त्यानं सरांचा अर्ज वाचला आणि मान हलवली.

"सर, हे 'चूक' काढा. चूक म्हणलं की माणूस आखडतो. 'तफावत' टाका. तफावत कुणाचीच नसते. ती आपोआप पडते."

"चूक आहे तर चूकच म्हणणार!"

"म्हणा. पण मंग जोडीला काही तरी पुरावा लावा. बिनपुराव्याचा अर्ज बिलकुल चालत न्हाई."

घरात दैवशालाबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुका हुडकायला तुम्हाला लई जोर येतो. मागल्या आठवड्यात गिरणीतून दळण आणलं ते कुणाचं होतं? ज्वारी दिल्ती, बाजरी आणली." यावर सरांनी नेहमीप्रमाणे, विषयांतर करू नये, असं सांगितलं.

मंडळाचे तालुका संयोजक राजानंद म्हणून होते. मंठ्यातच त्यांचं बियाण्याचं दुकान. सरांनी अर्ज पुढं केला तर ते दोन पावलं मागं सरले, जसं काही अर्जाला विंचवाची नांगी होती.

"सर, आपल्याकडं फक्त पेट्यांचं काम. सीलबंद पेट्या येतात, सीलबंद जातात. सील आपलं, आतलं आपलं न्हाई."

"पण संयोजक तुम्ही ना?"

"संयोजक म्हंजे जोडणारा. मी जोडून देतो. कुणाला कशाशी ते तुम्ही जालन्याला विचारा."

दोन दिवस इथंच संपले.

जालन्याला जायचं म्हणजे वाटूर फाट्यावरूनच. फाट्यावर ख्वाजामियाँचं दुकान अगदी रस्त्याला लागून. पहिल्या दिवशी सर जाताना थांबले, हात हलवला. येताना थांबले नाहीत, नुसता हात हलवला. तिसऱ्या फेरीला सरांनी हेल्मेट घेतलं. मंठा तालुक्यात त्या उन्हात स्वखुशीनं हेल्मेट घालणारा हा बहुधा पहिलाच माणूस. पोलिसांना कौतुक वाटलं, दैवशालाबाईंना शंका आली. खरं कारण एवढंच, की काच खाली ओढली की ख्वाजामियाँला तोंड दिसत नसे. ख्वाजामियाँला मात्र माणसाच्या तोंडापेक्षा गाडीचा आवाज जास्त ओळखू यायचा. तो मोटारीतून मान वर करून दरवेळी सलाम करायचा. सरांना वाटायचं, आपण वाचलो.

मंडळाचं ऑफिस एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. पहिल्या खोलीत टेबलामागं कांताबाई. त्यांच्या डोक्यावर पाटी, 'तक्रार निवारण कक्ष'. कक्ष म्हणजे ती खुर्चीच होती.

"आक्षेप निकालाच्या आधी नोंदवायचा असतो," कांताबाई म्हणाल्या.

"उत्तरसूची कधी निघाली?"

"निकालासोबत."

"मंग निकालाच्या आधी आक्षेप कशावर घ्यायचा?"

कांताबाईंनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना याआधी कुणी विचारला नसावा किंवा रोज विचारत असावेत. "ते धोरणात येतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं धोरण येत न्हाई. तरी एक करा. अपवाद म्हणून फॉर्म भरा, अन् बरोबर उत्तराचा पुरावा जोडा. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा."

मराठी शब्दाचा अर्थ राजपत्रित अधिकाऱ्यानं साक्षांकित करायचा असतो हे सरांना बावीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी घरातला जाडजूड शब्दकोश टॉवेलात गुंडाळला, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवला आणि मंठ्यात अधिकारी शोधत फिरले. सुट्ट्या, बैठका, दौरे. शेवटी सापडले ते पशुधन विकास अधिकारी. एका म्हशीचं काम उरकून हात धुवत होते. सरांनी झेरॉक्स पुढं केली.

"मूळ प्रत?"

सरांनी टॉवेल सोडला. डॉक्टरांनी शब्दकोश हातात घेतला, उलटसुलट केला, पान लावलं, आणि पाच मिनिटं खाली मान घालून वाचत बसले. ते 'उत्तरदायित्व' सोडून 'उत्तरायण', 'उत्तरीय' वगैरे पुढं गेलेत हे सरांच्या लक्षात आलं. म्हशीचा मालकही वाकून बघू लागला.

"चांगलं पुस्तक आहे," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का मारला. मंडळाच्या या सगळ्या प्रकरणात ज्यानं सही करण्याआधी कागद वाचला असा हा एकच अधिकारी.

तो कागद कांताबाईंनी दोन बोटांत धरून वाचला. "ह्याच्यात तर अर्थ दिलाय."

"हो. अर्थच."

"फॉर्मवर आहे, विरुद्ध अर्थाचा पुरावा. विरुद्ध कुठंय?"

शब्दकोशात शब्दांचे अर्थ असतात, त्यांची भांडणं नसतात, हे सर समजावून सांगू लागले. कांताबाईंनी ऐकून घेतलं आणि भाषातज्ज्ञांचा अभिप्राय आणायला सांगितलं. मंडळाचे भाषातज्ज्ञ म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. सर त्यांच्या घरी गेले तेव्हा ते सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. त्यांनी प्रश्न वाचला, डोळे मिटले.

"भाषा प्रवाही असते, तौर."

"हो सर. पण बेजबाबदारपणा..."

"बरोबरच आहे. पण निरुत्तरही चुकीचं म्हणवत नाही. ज्याच्याकडं उत्तर द्यायचं असतं त्याच्याकडं ते नसलं, की तो काय होतो?"

"निरुत्तर," सर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना आपलाच राग आला.

"मग? दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मी तसं लेखी देणार नाही, पण तुम्ही माझं नाव न घेता सांगू शकता."

असे दिवस जात होते. मे उजाडला. प्रवेशाची शेवटची तारीख पंधरा मे होती. सर मंडळाच्या बाकावर बसून राहायचे. बसून बसून करायचं काय, म्हणून त्यांनी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहायला घेतले. उत्तरदायित्वाच्या उलट मराठीत किती शब्द आहेत, याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. टाळाटाळ. चालढकल. टोलवाटोलवी. उडवाउडवी. कानावर हात. हात वर. हात झटकणं. अंग काढून घेणं. दोन शब्दांचा अर्थ तंतोतंत एक नसतो, असं ते वर्गात सांगत. ते इथं पटलं. टोलवाटोलवीला किमान दोन माणसं लागतात. चालढकल एकट्याला जमते. उडवाउडवी तोंडानं होते आणि टाळाटाळ पायांनी. कानावर हात ठेवणाऱ्याला निदान काहीतरी ऐकू आलेलं असतं. हात वर करणारा बिचारा प्रामाणिक; तो निदान हात दाखवतो. मुख्याध्यापकांपुढं त्यांनी 'अंग काढून घेणं' लिहिलं, राजानंदपुढं 'हात झटकणं', प्राध्यापकांपुढं बराच वेळ विचार करून 'मोघमपणा'. एकेका शब्दापुढं माणसाचं नाव लिहिताना त्यांना फार बरं वाटायचं. शिक्षकाला दुसऱ्याला गुण देताना वाटतं तसं.

मंडळाचे सचिव हरिओम सर आतल्या खोलीत बसत. पांढरा सफारी, कपाळाला गंध, बोलणं इतकं गोड की माणसाला आपणच त्रास द्यायला आलो असं वाटावं. अकरा मेला सरांनी कांताबाईंना न विचारता आतलं दार ढकललं. आत चार-पाच संस्थाचालक चहा घेत बसले होते. सर उभ्यानंच बोलले, आणि त्यांच्या मते फार चांगलं बोलले.

"मला दुसरं काही नको. मला फक्त नाव पाहिजे. ज्या माणसानं ही उत्तरसूची बघून 'बरोबर आहे' म्हणून सही केली त्या माणसाचं नाव! एका पोरीची पाच वर्षं घेतली त्यानं. तो झोपतो कसा? तो माणूस समोर येईस्तोवर मी इथून हलणार न्हाई."

एका संस्थाचालकानं बशी खाली ठेवली. हरिओम सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "रास्त आहे. कांताबाई, मराठीची फाईल आणा."

फाईल आली. प्रश्न काढणाऱ्याचं हस्तलिखित वरच होतं. सदतिसावा प्रश्न, पुढं स्वच्छ अक्षरात उत्तर: ब. सरांनी विजयानं बोट ठेवलं. "बघा!" त्याच्याखाली टाइप केलेला कागद. सदतीस: ड. "बघा! टाइप करताना चुकलं. अन् हे कुणी तपासलं?"

हरिओम सरांनी पान उलटलं. उत्तरसूचीच्या तळाशी ठसा होता, 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले. बरोबर आहे.' आणि खाली निळ्या शाईतली सही. लांब, देखणी, शेवटी वळसा घेतलेली. ती सही सर बावीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर करत होते.

त्यांना आठवायला वेळ लागला, कारण आठवण्यासारखं त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. डिसेंबरात मंडळानं जिल्ह्यातल्या शिक्षकांना मुद्रितशोधनासाठी बोलावलं होतं. चार संच होते, कोणता परीक्षेला येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. उद्घाटनाची भाषणं लांबली. उपमा थंडच झाला. संच हातात पडले तेव्हा चार वाजले होते आणि मंठ्याकडं येणाऱ्या एका मास्तरची जीप खाली हॉर्न वाजवत होती. सरांनी पहिला प्रश्न वाचला. बरोबर होता. मग त्यांनी सह्या केल्या, सोळा की सतरा. फेब्रुवारीत तोच प्रश्नसंच परीक्षेत पुढ्यात आला तेव्हा तो ओळखीचा वाटला नाही. वाचलाच नव्हता, तर ओळखीचा वाटणार कसा?

हातातल्या अर्जाची घडी सुटून तो टेबलावर उलटा पडला होता. टाळाटाळ, चालढकल, टोलवाटोलवी. या सगळ्यात आपण जे केलं त्याला शब्द कोणता, हे सरांनी शोधून पाहिलं. यादीत तो नव्हता. लोक त्याला 'विश्वासानं सही केली' असं म्हणतात.

"बसा सर, बसा. चहा घ्या," हरिओम सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. होता तो आनंद. "आपलेच आहात तुम्ही. आपल्या माणसाची सही आहे म्हणून तर मी इतके दिवस फाईल काढली न्हाई."

म्हणजे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सरांनी चहा घेतला. नको म्हणायला हवा होता, पण घेतला.

दैवशालाबाईंना त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. त्या हसतील अशी त्यांना भीती होती. त्या हसल्या नाहीत. गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "मंग आता?"

"आता काय, मीच लिहून देतो. चूक माझी, म्हणून. तपासणाऱ्यानंच लिहून दिलं की त्यांना उत्तर बदलावंच लागंल."

"पंधराला संपतंय ना ते?"

"अजून चार दिवस आहेत," सर म्हणाले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना पोटभर जेवण गेलं.

सोमेश्वरनं तो दुसरा अर्ज झेरॉक्स केला आणि एक शब्दही सुचवला नाही. नुसता म्हणाला, "सर, असा अर्ज मह्या मशीनवर आजवर आलेला न्हाई."

कांताबाईंच्याही टेबलावर आला नव्हता. त्यांनी तो तीनदा वाचला. "हे मी कशात घेऊ? तक्रार म्हणावी, तर तक्रार करणारा अन् ज्याची तक्रार आहे तो, दोघं एकच."

"तक्रार न्हाई. कबुली म्हणा."

"कबुलीला आवकमध्ये रकाना न्हाई."

"मंग संकीर्णमध्ये घ्या."

"संकीर्णमध्ये मंडप, चहा अन् पुष्पगुच्छ येतात."

सर आत गेले. यावेळी दार वाजवून. हरिओम सरांनी अर्ज वाचला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली उतरला.

"तौर सर, हे काय करून राह्यलात तुम्ही? ही चूक मान्य केली की निकाल फिरवावा लागतो. एकाचा न्हाई, चार हजार पोरांचा. 'ड' लिहिणाऱ्यांचा गुण जातो. त्यातली काही पोरं निवड यादीत वर बसलीत. त्यांचे बाप तुमच्यासारखे अर्ज घेऊन येत न्हाईत, गाड्या घेऊन येतात."

"पण चूक झाली आहे. मी म्हणतोय ना, माझी झाली."

"तुम्ही म्हणून काय होतं? तुमची चूक आम्ही मान्य करत न्हाई."

सरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. आयुष्यभर त्यांनी पोरांना चुका मान्य करायला लावल्या होत्या. पट्टी दाखवली होती, ओणवं केलं होतं. चूक हातात घेऊन उभा राहिलेला माणूस आणि ती घ्यायला कुणी तयार नाही, असा प्रसंग त्यांच्या ऐकिवात नव्हता.

"मी पेपरवाल्यांकडं जाईन," ते म्हणाले.

"जा. ते विचारतील, परीक्षेला बसलेल्या पोरीचा मास्तर प्रश्नपत्रिका तपासायला कसा गेल्ता? मंग पोरगी एकशे एकोणचाळिसावर बी राहायची न्हाई. पेपर फुटला म्हणतील. तुमच्या नोकरीचं सोडा, त्या लेकराच्या नावाला काय चिकटंल त्याचा विचार करा." हे बोलताना हरिओम सरांच्या चेहऱ्यावर खरोखरची कळकळ होती. तेच फार वाईट होतं.

सर उठले. अर्ज टेबलावर तसाच ठेवून बाहेर आले.

चौदा मेला मंडळाचं पत्र आलं. 'आपल्या अर्जाचा सर्व बाजूंनी विचार करण्यात आला. आपण नमूद केलेल्या आपल्या चुकीमध्ये तथ्य आढळून आले नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही कुणाची ते ओळखू येत नव्हतं. सरांनी ते दोनदा वाचलं. कायद्यानं ते निर्दोष सुटले होते.

पंधरा तारखेला सकाळी त्यांनी हेल्मेट घरी ठेवलं आणि फाट्यावर ख्वाजामियाँच्या दुकानासमोर गाडी बंद केली. दुकानात एक मोटार उघडी पडली होती आणि ख्वाजामियाँ तिच्या खाचांमधून तांब्याची तार ओढून बसवत होता. मागं सावलीत अंबरीन जळक्या तारेची गुंडाळी सोडवत बसली होती. सर उभ्यानंच बोलले. जालन्याच्या त्या दिवसासारखं यावेळी छान बोलता आलं नाही. जीप, उपमा, सोळा-सतरा सह्या, ठसा, पत्र, सगळं मागं-पुढं झालं.

ख्वाजामियाँनं हातातली तार मोडू न देता बाजूला ठेवली. मग म्हणाला, "जाने दो सर. आदमी से होता है. तुमची नीयत साफ होती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

"तुम्ही एवढे हेलपाटे घातले, ते बी मी बघतच होतो की. रोज टोपा घालून जाताना," ख्वाजामियाँ म्हणाला. "आमचं काम अलग आहे सर. मह्या हातची मोटार जळली की गिऱ्हाईक ती आणून इथं आदळतं. मी पुन्हा खोलतो, पुन्हा बांधून देतो. देणंच भाग आहे. तुमच्या कामात तसं खोलता येत न्हाई. त्याला तुम्ही तरी काय करणार?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं सरांसाठी समोरच्या हॉटेलात चहा सांगितला.

अंबरीन गुंडाळी खाली ठेवून पुढं आली.

"सर, तुम्ही वाचलं न्हाई का?"

महिनाभर सर निरनिराळ्या टेबलांसमोर उभे राहिले होते. इतका सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कुणाला विचारला नव्हता.

"न्हाई," ते म्हणाले.

"एक बी प्रश्न न्हाई?"

"पहिला वाचला. बाकीचे न्हाई."

"का?"

"जीप निघून गेली असती."

"अंबरीन, चुप!" ख्वाजामियाँ म्हणाला. "सर से ऐसा बात करते?"

"बोलू द्या तिला," सर म्हणाले.

पोरगी थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. फळ्यावरचं गणित कुठं चुकलं ते शोधताना ती जशी बघायची, तशी बघत होती. "म्हंजे मी लिहिलं ते बराबर होतं?"

"बराबर होतं."

"मंग तसं लिहून द्या."

"त्याचा आता काही उपयोग न्हाई, बाळ. ते कुणी घेणार न्हाई."

"मी घेते ना," ती म्हणाली.

ती आतून वही घेऊन आली आणि मधलं पान टराटरा न फाडता, पिना वाकवून अलगद काढून दिलं. सरांनी मोटारीच्या पत्र्यावर कागद ठेवून लिहिलं, की सदतिसाव्या प्रश्नाचं अंबरीनचं उत्तर बरोबर होतं. उत्तरसूचीतलं चुकीचं होतं. तिच्यावर मी न वाचता सही केली. मग नेहमीची लांब, वळशाची सही करायला पेन उचललं, थांबले, आणि पहिलीतल्या पोरासारखं सुटं सुटं नाव लिहिलं.

"जूनपासून आठवीचं मराठी तुमच्याकडंच आहे का, सर?"

"हो."

अंबरीननं कागद हातात घेतला. ओळीखाली बोट धरून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीवर जाऊन परत वाचला. चहा आला होता, तो सरांच्या हातात निवत होता.

"तारीख राह्यली, सर," ती म्हणाली आणि कागद त्यांच्यापुढं धरला.